रेग अंकलच्या हातातलं वाद्य

पेटी दुरुस्तीला आणणारी माणसं तक्रार बहुधा पेटीची करतच नाहीत. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या एक बाई पेटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काका, हिचा आवाज निम्मा करून द्या, खालच्या मजल्यावरची आज्जी रोज वर येऊन दार वाजवते." मी आतून जाड फलालीन लावून दिलं. महिन्याभरात बाई परत. "काका, आता मलाच ऐकू येत नाही." पुण्याचे एक इंजिनियर मोबाइल पेटीसमोर धरून बसायचे आणि त्यातला काटा दाखवून म्हणायचे, पंचम केसभर उतरलाय. मी म्हटलं, साहेब, गाताना तोच मोबाइल गळ्यासमोर धरा, मग पंचमाबद्दल बोलू. ते रागावून गेले आणि पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आले. गळ्यासमोर धरला होता म्हणे.

अशा गमती पुष्कळ आहेत. या लेखासाठी त्याच लिहायच्या ठरवून बसलो होतो. तीन पानं झाली, फाडून टाकली. कारण लिहायला बसलं की हात एकाच गोष्टीकडे जातो, आणि त्या गोष्टीत गंमत फार थोडी आहे. इतकी वर्षं झाली तरी राग उतरलेला नाही. तो उतरवण्यासाठीही मी हे लिहीत नाही.

आधी धंद्याबद्दल थोडं. मी मिरजेचा. मिरजेत तंबोरे करणारे पुष्कळ, आम्ही पेटीवाले. सिंगापूरला सेरंगून रोडजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात कारागीर म्हणून आलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. इथे आल्यावर कळलं की नुसत्या पेटीवर पोट भरणार नाही. चिनी शाळांमध्ये, कम्युनिटी क्लबांमध्ये अकॉर्डियनचे मोठाले वाद्यवृंद असतात. तेव्हा अकॉर्डियन शिकलो. दोन्ही वाद्यांचं पोट सारखंच. भाता हवा ढकलतो, हवा धातूच्या बारीक पट्टीला थरथरवते आणि सूर निघतो. त्या पट्टीला आम्ही रीड म्हणतो. टोकाकडे घासली की सूर चढतो, बुंध्याकडे घासली की उतरतो. झालं. एवढ्यावर मी जन्म काढला.

फरक एकच लक्षात ठेवा, पुढे लागेल. पेटीत रीड स्क्रूने बसवतात. अकॉर्डियनमध्ये बहुतेक ठिकाणी मेणाने चिकटवतात. मधमाशीचं मेण आणि थोडी राळ. सावलीत ते पन्नास वर्षं टिकतं. उन्हात ठेवलंत तर एक दुपार पुरे.

तर एका दुपारी मृणालचा फोन आला. ही मृणाल पुण्याची, इथे क्वीन्सटाउनला राहायची, एका संगीत महोत्सवाच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होती. तिच्या मुलीची पेटी मी दर वर्षी लावून द्यायचो, त्यामुळे घरोबा होता.

"काका, एक इमर्जन्सी आहे. ऑस्ट्रेलियाहून आलेले एक आर्टिस्ट आहेत, त्यांचं अकॉर्डियन अचानक बेसूर झालंय. शनिवारी प्रोग्राम आहे."

"अचानक काही होत नाही गं. घेऊन ये."

टॅक्सीतून ती आणि एक उंच, सावळे, बहात्तर-त्र्याहत्तरचे गृहस्थ उतरले. डोक्यावर रुंद काठाची हॅट, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, ज्यांना ॲबोरिजिनल म्हणतात, त्यांच्यापैकी ते. मृणालने ओळख करून दिली, "हे रेग अंकल. आणि हे दत्ता अंकल." त्यांच्याकडेही वडीलधाऱ्यांना अंकल म्हणतात. ते हसून म्हणाले, "दोन अंकल एका दुकानात. आता भांडण कोण मिटवणार?" आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. माझं इंग्रजी दुकानापुरतं आणि त्यांचं सावकाश, त्यामुळे छान जमलं.

अकॉर्डियन बटणांचं होतं, जुनं, कोपरे झिजलेले, पट्ट्याचं कातडं तीनदा शिवलेलं. मी ते उघडलं. आत मेण ओघळलं होतं. आठ रीड जागेवरून सरकल्या होत्या, दोन तर तळाशी पडल्या होत्या.

"हे उन्हात कुणी ठेवलं?"

मृणाल मोबाइलमध्ये बघायला लागली. रेग अंकल शांतपणे म्हणाले, "मी नाही ठेवलं."

हकीगत अशी. सकाळी महोत्सवाच्या इमारतीच्या गच्चीवर फोटो काढले. लाल वाळू पसरून वाळवंट केलं होतं. फोटोग्राफरला अकॉर्डियन चौकटीत नको होतं, ते 'युरोपियन दिसतं' म्हणे. म्हणून ते घेऊन दिव्यांच्या लोखंडी पेटीवर ठेवलं, भर उन्हात, दीड तास. आणि अंकलच्या हातात डिजरिडू दिला. डिजरिडू म्हणजे फुंकून वाजवायचा लांबच लांब पोकळ लाकडी नळा. त्यांचा शर्टही काढायला सांगितला होता. त्याला ते नाही म्हणाले.

"तुम्ही डिजरिडू वाजवता?" मी विचारलं.

"नाही. ते उत्तरेकडच्या लोकांचं. आमच्या भागात नव्हतंच. मी आयुष्यात पहिल्यांदा आज धरलं. उलटं धरलं होतं, त्या पोराने सरळ करून दिलं."

ते हसले. मला हसू आलं नाही. मिरजेच्या माणसाच्या गळ्यात भांगड्याचा ढोल अडकवायचा, त्याची पेटी उन्हात फेकायची, आणि खाली लिहायचं, 'अस्सल भारतीय'! वर पुन्हा दुरुस्तीला माझ्याकडेच यायचं.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. जुनं मेण खरवडायचं, नवं मेण-राळ वितळवून पळीच्या टोकाने प्रत्येक रीडभोवती सोडायचं, थंड होऊ द्यायचं, मग एकेक सूर तपासायचा. रेग अंकल हॉटेलवर न बसता दोन्ही दिवस माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. आजारी माणसाजवळ बसतात तसे.

या बटणांच्या अकॉर्डियनची एक खोड आहे. एकच बटण दाबा, भाता आत ढकलताना एक सूर निघतो, बाहेर ओढताना दुसरा. पेटीवाल्याला हे ऐकून घेरी येते. मी विचारलं, लक्षात कसं ठेवता? म्हणाले, "चालताना कुठला पाय पुढे टाकायचा ते तुम्ही लक्षात ठेवता का?"

सूर लागत गेले तसे ते वाजवून बघायचे. वॉल्ट्झ, पोल्का, असले जुने नाचाचे ठेके. सगळं कानाने शिकलेलं, कागद कुठेच नाही. आणि प्रत्येक चालीआधी नाव सांगायचे, चालीचं नव्हे, माणसाचं. "ही चुलत्याची." "ही बाबांची, त्यांना एका आयरिश स्वयंपाक्याने दिली." आमच्याकडे गवई चीज सुरू करण्याआधी कानाला हात लावून गुरूचं नाव घेतो, अगदी तसंच.

त्यांचे वडील मेंढ्यांच्या एका मोठ्या कुरणावर घोड्यावरून कळप हाकायचे. लोकर कातरायच्या शेडमध्ये शनिवारी गोऱ्या लोकांचा नाच व्हायचा. यांना आत मज्जाव. वडील बाहेर उभं राहून चाली पाठ करायचे. पुढे आतला वाजवणारा नोकरी सोडून गेला, आणि त्या सगळ्या चाली येणारा एकच माणूस पंचक्रोशीत उरला, तो बाहेर उभा होता. तेव्हा मग त्याला आत घेतलं.

"आणि आई?"

"आईला नाही घेतलं. बाबा आत वाजवायचे आणि ती बाहेर खिडकीशी मातीत एकटी नाचायची. आम्ही पोरं बघायचो."

ते मग म्हणाले, "वस्तीवर आमची भाषा बोलायला बंदी होती. बोललं की शिधा बंद. भाषा गेली. या चालींना शब्द नव्हते, म्हणून त्या कुणी काढून घेतल्या नाहीत."

मी उठलो, दुकानातली एक पेटी ओढली आणि माझी आई जात्यावर म्हणायची त्या ओवीची चाल वाजवली. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकली आणि आपल्या वाद्यावर काढायला लागले. निम्म्यात अडले. कोमल गंधार. "ही कळ माझ्याकडे नाही," म्हणाले. मग त्या जागी दुसराच सूर घेऊन पुढे गेले. आई असती तर म्हणाली असती, चालतंय की.

शुक्रवारी मृणाल दुकानात आली. अंकल समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, चहा आणायला गेले होते. ती घाईघाईने म्हणाली, "काका, एक काम करा ना. ते तुमचं ऐकतात. शनिवारचा प्रोग्राम थोडा बदललाय. डायरेक्टरांनी त्यांचं रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणतात, हे इंग्लिश वाटतं. प्रायोजकांना 'सहस्रकांचा नाद' असं सांगून बसलेत. तर तीनच चाली ठेवायच्या, आणि दुसरीच्या खाली डिजरिडूचा रेकॉर्डेड ट्रॅक सोडायचा. म्हणजे ऑथेंटिक वाटेल."

"त्यांची आई याच चालींवर नाचायची. अजून किती ऑथेंटिक हवंय?"

"लोकांना ते कळत नाही ना, काका. लोक तिकीट काढून येतात, त्यांची काहीतरी अपेक्षा असते."

माझा तोल गेला. म्हटलं, "तुझी मुलगी पेटीवर भजन वाजवते. ही पेटी तुझ्या खापरपणजोबांनी केली का? गोऱ्या पाद्र्यांबरोबर बोटीतून आली ती! आपण तिला मांडी घालून जमिनीवर बसवली, आपली केली. उद्या तुझ्या मुलीला कुणी सांगितलं, हे वाद्य तुमचं नव्हे, नागीण डोलवायची पुंगी वाजव, तर?"

तिचा चेहरा उतरला. "काका, हे मी नाही ठरवत. माझा इथे राहायचा, नोकरीचा पास यांच्या हातात आहे. गेल्याच महिन्यात रिन्यू झालाय. मी मीटिंगमध्ये एकदा बोलले, दुसऱ्यांदा नाही बोलू शकले."

हे खोटं नव्हतं. पासवर राहणाऱ्या माणसाचा आवाज किती खालच्या पट्टीत असतो ते मला कुणी शिकवायला नको. पहिली बारा वर्षं मी त्याच पट्टीत बोललो. आणि म्हणूनच असेल, त्या दिवशी मी जे केलं त्याची मला अजून शरम वाटते. रेग अंकल चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "थोडं ॲडजस्ट करा. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी पिशवीत बांधून आणलेला चहा माझ्या हातात दिला. "दत्ता, माझ्या बापाने जन्मभर ॲडजस्ट केलं. मी इथे वाजवायला आलोय."

रागावले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी ऐनवेळी काही बिघडलं तर असावा म्हणून मला हत्यारांसकट विंगेत उभं केलं होतं. मृणाल शेजारीच, कानाला हेडफोन लावून. सभागृह भरलेलं. पहिली चाल झाली, टाळ्या पडल्या. दुसरी सुरू झाली आणि आठ मात्रांनंतर सभागृहातल्या मोठ्या स्पीकरांतून तो घुमणारा आवाज आला. पडद्यावर लाल वाळवंट, वर गरुड.

रेग अंकल थांबले. भाता मिटला, वरचा पट्टा लावला, हॅट सरळ केली. मग माइककडे वाकून म्हणाले, "हा मी नाही. जो कोणी आहे, त्याचं होऊ दे."

आणि हात वाद्यावर ठेवून बसून राहिले. ट्रॅक चार-पाच मिनिटांचा होता. बंद करा असा हुकूम कुणी दिला नाही, कारण तो द्यायचा कुणी हे ठरलेलं नव्हतं. इतकं मोठं सभागृह, इतके दिवे, आणि मधोमध एक म्हातारा माणूस स्वतःच्याच कार्यक्रमात आपली पाळी येण्याची वाट बघत बसलाय. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी मृणालकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

ट्रॅक संपला. त्यांनी पट्टा काढला आणि तिसरी चाल सुरू केली, त्यांच्या आईच्या नाचाची. मी मेण लावलेली प्रत्येक रीड जागेवर होती. लोक आता खरोखर ऐकत होते. दुसरं आवर्तन अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात निवेदिका टाळ्या वाजवत मंचावर आली, "थँक यू, अंकल रेग! कसा होता हा प्राचीन अनुभव?" मागून पुढच्या पथकाचे ढोल आत यायला लागले. वेळ संपली होती. चालीचे शेवटचे सोळा ठोके हवेतच राहिले.

टॅक्सीत मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "कशाची?" मग मी म्हटलं, "उद्या सकाळी काय करताय? विमान संध्याकाळचं आहे ना?"

रविवारी सकाळी ते यिशुनला माझ्या बिल्डिंगखाली आले. आमच्याकडे सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा असतो, व्हॉइड डेक म्हणतात. लग्नं, मयत, बुद्धिबळ, सगळं तिथेच. मी दोन खुर्च्या खाली आणल्या होत्या. बुद्धिबळवाले चिनी म्हातारे, बाजारातून येणाऱ्या मलाय बायका, आमच्या मजल्यावरची दोन तमिळ कुटुंबं, एवढेच श्रोते. त्यांनी दोन तास वाजवलं. प्रत्येक चालीआधी माणसाचं नाव आणि त्याने ती कुठे ऐकली ते. एका मलाय आज्जीने पिशवी खाली ठेवली आणि एकटीच नाचायला लागली. मग बुद्धिबळवाल्यांपैकी एक उठला. "अंकल, वन मोअर, लाह!" असं कुणीतरी ओरडलं, इथे वाक्याच्या शेवटी लाडाने 'लाह' लावतात. त्यांना तो 'लाह' फार आवडला.

मध्येच बघतो तर खांबाजवळ मृणाल, मुलीला घेऊन. मी बोलावलं नव्हतं, तिला अंकलनीच कळवलं असावं. वाजवणं संपल्यावर ती पुढे झाली. "अंकल, आय ॲम सॉरी." ते "असू दे" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुझ्याकडे कॅमेरा आहे का? आत्ता काढ फोटो. हे आहे ते." तिने मोबाइलवर काढला. मग मुलीला त्यांनी बटण दाबायला दिलं, आत ढकल, आता बाहेर ओढ, म्हणाले. पोरगी ओरडली, "आई, एकाच बटणात दोन!"

ते गेले. अधूनमधून फोन यायचा. मेण टिकलंय, म्हणायचे.

वर्षभराने महोत्सवाच्या इमारतीत कुठल्याशा अकॉर्डियनच्या कामाला गेलो. कॉरिडॉरमध्ये आदल्या वर्षांच्या कलाकारांचे मोठे फोटो लावले होते. त्यात रेग अंकल. लाल वाळू, हातात डिजरिडू. खाली लिहिलेलं, आपल्या पारंपरिक वाद्यासह.

मी रिसेप्शनवर गेलो. "हे खोटं आहे. हा फोटो काढा."

मुलगी नम्रपणे म्हणाली, "अंकल, फीडबॅक फॉर्म भरा."

मी इंग्रजीत सुरुवात केली. 'डियर सर, विथ रिस्पेक्ट' असं लिहिलं आणि थांबलो. इंग्रजीत मला नोकराचीच भाषा येते. दुसरा फॉर्म मागितला आणि दोन्ही बाजू भरून मराठीत लिहिलं. माणसाचं वाद्य उन्हात टाकून त्याच्या हातात दुसऱ्याचं वाद्य देता, त्याच्या बापाच्या चाली ऐकायच्या आधीच त्या त्याच्या नाहीत असं ठरवता, आणि वर भिंतीवर टांगता. लाज वाटायला हवी. खाली सही, नाव, पत्ता.

"अंकल, ही कुठली भाषा?"

"मराठी. वाचणारी एक बाई तुमच्याकडेच कामाला आहे."

चौथ्या दिवशी मृणालचा फोन. "काका, तुमचा फॉर्म माझ्याकडे भाषांतराला आलाय."

"मग?"

"सगळं झालं, शब्दन् शब्द. एकच अडलंय. 'लाज' साठी इंग्रजीत दोन-तीन शब्द आहेत, एखादा जरा सौम्य आहे. कुठला घालू?"

"तुला कुठला बरोबर वाटतो?"

"कडक घालते," म्हणाली.

त्याचा परिणाम काय झाला, तर फोटोखालची ओळ बदलली. 'सुप्रसिद्ध बटण अकॉर्डियन वादक' असं लिहिलं, आणि वर तोच फोटो, तोच डिजरिडू! हेही मृणालनेच फोनवर सांगितलं. एवढ्या शहाण्या, शिकलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोरून ती ओळ गेली आणि एकालाही वर बघावंसं वाटलं नाही.

पुढच्या सोमवारी तिने जेवणाच्या सुट्टीत स्वतः शिडी आणली. तो फोटो उतरवला आणि त्याच मापात छापून आणलेला दुसरा लावला, यिशुनला काढलेला.

"कुणाला विचारलंस?" मी घाबरून म्हटलं. तिचा पास माझ्या डोळ्यांसमोर आला.

"कुणालाच नाही. आणि काका, अजून कुणाच्या लक्षातही आलेलं नाही."

मी मुद्दाम जाऊन बघून आलो. मागे बुद्धिबळाचं टेबल, बाजूला भाजीची पिशवी, इस्त्रीचा पांढरा शर्ट. अंकलचं तोंड उघडं आहे, कुणाचं तरी नाव सांगत असावेत. भाता पूर्ण ओढलेला आहे.